प्रति: बाटल्या परत कोण देणार?

वर कोणीतरी लिहिलंय की बाटलीवर डिपॉझिट (विकताना जादा घेतलेले पैसे, रिकामी बाटली दिली की परत) ठेवलं तरी आपल्याकडे लोक रिकाम्या बाटल्या परत देणारच नाहीत, ते जर्मनीतच चालतं. मला नाही पटत. तमिळनाडूत टासमॅकच्या सरकारी दारू दुकानांत बघा, 2022 मध्ये निलगिरीत मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर सुरू झालं, बाटलीमागे 10 रुपये जास्त घ्यायचे आणि रिकामी आणून दिली की परत द्यायचे. कारण काय तर पिणारे जंगलात बाटल्या फोडून टाकायचे नि त्या काचा हत्तींच्या पायात जायच्या. आणि तिथे 90 टक्क्यांच्या वर बाटल्या परत आल्या की! पिणारा दारू सोडेल पण 10 रुपये नाही सोडणार :)

खरी बोंब दुकानात असते, रिकामा माल ठेवायला जागा नाही, मोजायला माणूस नाही, टासमॅकच्या कर्मचाऱ्यांनीही या जादा कामाला विरोध केलाच होता. आपल्या महाराष्ट्रात 2018 च्या प्लास्टिकबंदीत पाण्याच्या बाटलीवर 1-2 रुपये डिपॉझिट ठरलं होतं ना, ते कागदावरच राहिलं, कारण घेणार कोण आणि ठेवणार कुठे. आणि 1 रुपयासाठी कोण परत जातंय दुकानात? जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट आहेत, म्हणजे चांगले वीस-पंचवीस रुपये.