‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा झाला?

रानवारा

मी आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. ‘सिंग’चे ‘सँग’ किंवा ‘राइट’चे ‘रोट’ होते, हे मुले फारशी तक्रार न करता पाठ करतात, कारण तिथे शब्दाचा सांगाडा कायम राहून आतला स्वर तेवढा बदलतो. ‘गो’चे ‘वेंट’ होताना मात्र मूळ शब्दातला एकही ध्वनी शिल्लक राहत नाही आणि मुले साहजिकच कारण विचारतात. हा ‘वेंट’ नेमका आला कुठून? शिवाय ‘गो’ हे क्रियापद आणि आपला संस्कृत ‘गम्’ धातू एकच आहेत, असे एका जुन्या मार्गदर्शकात छापलेले आहे. ते ग्राह्य धरावे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, म्हणजे ‘ते तसेच असते’ एवढे सांगून मुलांना गप्प बसवावे लागणार नाही.

सुपारीबाग

‘वेंट’ हे मुळात ‘गो’चे रूप नव्हतेच. इंग्रजीत ‘वेंड’ नावाचे एक स्वतंत्र क्रियापद होते. जुन्या इंग्रजीतील ‘वेंडन’ म्हणजे वळणे किंवा वळवणे. पुढे त्याला ‘वाटेला लागणे, जाणे’ असाही अर्थ आला. ‘सेंड’चे ‘सेंट’, ‘बेंड’चे ‘बेंट’, ‘स्पेंड’चे ‘स्पेंट’ होते, अगदी त्याच चालीवर ‘वेंड’चे ‘वेंट’ होत असे. फळ्यावर या चार जोड्या एकाखाली एक लिहिल्या, तर मुलांना निराळे काही सांगावेच लागणार नाही.

जुन्या इंग्रजीत ‘गो’चे रूप ‘गान’ असे होते आणि त्याचा भूतकाळ ‘एओद’ होता. म्हणजे ‘गो’ला स्वतःच्या धातूपासून बनलेला भूतकाळ तेव्हाही नव्हता, तो तेव्हाही उसनाच होता. ‘एओद’ची पुढे ‘येड’, ‘योड’ अशी रूपे झाली आणि ती हळूहळू मागे पडली. दक्षिण इंग्लंडमध्ये साधारण 1500 सालापर्यंत ती जागा ‘वेंट’ने पक्की केली. स्कॉटलंडच्या बोलीने मात्र निराळा मार्ग धरला आणि आपल्या ‘गे’ला सरळ भूतकाळाचा प्रत्यय लावून ‘गेड’ असे रूप घडवले. ‘वेंट’ असे परक्या घरी गेल्यावर ‘वेंड’ला नवा भूतकाळ शोधावा लागला आणि ‘वेंडेड’ हे रूप प्रचारात आले. आज हे क्रियापद ‘वेंड वन्स वे’ म्हणजे सावकाश मार्ग काढत जाणे, एवढ्याच प्रयोगात प्रामुख्याने उरले आहे.

यात इंग्रजीने काही जगावेगळे केले असे समजू नये. फ्रेंचमध्ये ‘जाणे’ या एका क्रियापदात तीन लॅटिन क्रियापदांची रूपे एकत्र नांदतात आणि आपल्याकडेही ‘जाणे’चा भूतकाळ ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतो.

तिसरी घंटा

सुपारीबाग यांनी शेवटी ज्या ‘गेला’चा उल्लेख केला, तिथेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

मराठीतले ‘जाणे’ हे संस्कृत ‘या’ धातूपासून आले. शब्दारंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ होतो, म्हणून ‘यात्रा’ची ‘जत्रा’ आणि ‘योगी’चा ‘जोगी’ झाला, तसेच ‘याति’पासून ‘जाणे’. ‘गेला’ मात्र ‘गम्’च्या ‘गत’ या रूपातून, प्राकृत वळणे घेत आला. आता हा ‘गम्’ इंग्रजीत कुठे सापडतो? ‘गो’मध्ये नव्हे, तर ‘कम’मध्ये! संस्कृतात ज्या शब्दांच्या आरंभी असा ‘ग’ आहे, त्यांच्या इंग्रजी भावंडांत पुष्कळदा ‘क’ दिसतो: गाईसाठी आपला ‘गो’, त्यांचा ‘काऊ’, आपला ‘गम्’, त्यांचा ‘कम’. म्हणजे आपला ‘गेला’ आणि इंग्रजांचा ‘केम’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

उलट इंग्रजी ‘ग’समोर संस्कृतात ‘ह’ येतो. ‘गूस’ आणि ‘हंस’ हे याचे ठळक उदाहरण. त्या नियमाने ‘गो’चे नाते सोडून जाणे या अर्थाच्या ‘हा’ धातूशी जुळते आणि बहुमान्य व्युत्पत्तीही तशीच आहे. ‘हीन’ आणि ‘हानी’ हे आपले नित्याचे शब्द याच धातूपासून झाले. तेव्हा मार्गदर्शकातले विधान ग्राह्य धरू नये. केवळ आरंभीचा ध्वनी सारखा दिसला म्हणून नाते सिद्ध होत नाही.

रानवारा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी एक अडचण वापरातली आहे. मुले ‘आय हॅव गॉन टू मुंबई ट्वाइस’ असे लिहितात आणि ते चूक का, हे त्यांना पटत नाही. तसेच ‘गोइंग टू’मध्ये जाण्याचा अर्थ नसताना ‘गो’ का येतो?

सुपारीबाग

पहिल्या शंकेसाठी मराठीचाच आधार घ्यावा. ‘बाबा मुंबईला गेले आहेत’ याचा अर्थ ते अजून तिकडेच आहेत. ‘बाबा मुंबईला जाऊन आले आहेत’ याचा अर्थ ते परतले आहेत. पहिल्यासाठी ‘हॅज गॉन टू’ आणि दुसऱ्यासाठी ‘हॅज बीन टू’. आपण मराठीत ‘मी दोनदा मुंबईला गेलो आहे’ असेही बिनदिक्कत म्हणतो आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. जिथे ‘जाऊन आलो’ म्हणता येते तिथे ‘बीन’ वापरावे, एवढे सांगितले की बहुतेक वाक्ये सुधारतात.

‘गोइंग टू’चा भविष्यदर्शक वापर पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. एखादे काम करण्यासाठी कोणी निघाला असेल, तर ते करण्याचा त्याचा विचार आहे हे उघडच असते. कालांतराने चालणे गळून पडले आणि विचार तेवढा राहिला. ‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती’ या म्हणीतला ‘गेलो’ तरी कुठे पाय उचलून गेलेला असतो? हे दोन वापर आज पूर्ण वेगळे झाल्याची खूण बोलण्यातही दिसते. ‘आयॅम गोइंग टू ईट’चे ‘आयॅम गॉना ईट’ होते, पण ‘आयॅम गोइंग टू पुणे’चे ‘गॉना पुणे’ कधीही होत नाही.

तिसरी घंटा

वर्गात वेळ मिळाल्यास अर्थाची आणखी एक छटा अवश्य दाखवावी. ‘गो’ हे ‘होणे’ या अर्थाने येते तेव्हा बहुधा बिघाड सांगते: ‘गो मॅड’, ‘गो ब्लाइंड’, ‘गो बँकरप्ट’. स्वप्न खरे होते तेव्हा मात्र ‘कम ट्रू’ म्हणतात. मराठीतही भान ‘जाते’ आणि माणूस भानावर ‘येतो’. कष्ट वाया ‘जातात’ किंवा फळाला ‘येतात’. दोन्ही भाषांनी इष्ट स्थिती आपल्याजवळची मानली आहे. अपवाद आहेतच, राग आणि तापही ‘येतात’. मुलांना असे अपवाद स्वतः शोधायला सांगितले, तर चांगला तासभर चर्चा रंगेल.