राख-स्लॅग म्हणजे भेसळ? जरा थांबा

मिक्सडिझाइनवाला: काल एकाने लिहिलं, ‘काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी फ्लाय अॅश (कोळशाची राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घालणं म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली भेसळ.’ राहवेना, म्हणून हा धागा. क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं तो माल, सुमारे १४५० अंशांना भाजतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ६० टक्के इंधनाचा नसतोच, तो चुनखडीतूनच सुटतो. भट्टी कितीही सुधारा, तो निघणारच. मग क्लिंकरच कमी करायला नको? राफ्टमध्ये (इमारतीखालचा काँक्रीटचा सलग जाड पाया) निम्म्याहून जास्त स्लॅग घाला, आत उष्णता कमी चढते, तडे कमी पडतात, सळ्या गंजवणारं क्लोराइड सहज शिरत नाही. ही भेसळ?

साइटवरचा: ते मीच लिहिलंय आणि अजूनही तेच म्हणतो. थंडीत ५० टक्के स्लॅगचा स्लॅब टाकायला लावला होता आम्हाला. सात दिवसांचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) फारच कच्चे बघून छातीत धस्स झालं. प्रॉप (स्लॅबखालचे टेकू) काढता येईनात, वरचा मजला अडकला, बोलणी मी खाल्ली.

मिक्सडिझाइनवाला: स्लॅबला राफ्टचं मिक्स दिलंच कोणी? राफ्टवर पूर्ण भार यायला महिने जातात, तिथे ५६ दिवसांची ताकद धरा. स्लॅबला स्लॅग कमी, पाणीही कमी.

जुना ठेकेदार: पाणी! त्यावर कोणी बोलत नाही. काँक्रीटची गाडी आली की पंपवाला ओरडतो ‘घट्ट आहे’, की लगेच पाण्याचा पाइप गाडीच्या ड्रममध्ये. क्यूब मात्र त्याआधीच भरलेले.

साइटवरचा: पंप जाम झाला तर तुम्ही येणार का उपसायला?

जुना ठेकेदार: अॅडमिक्श्चरचा (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं रसायन) डोस वाढवून घ्या ना! पाइप कशाला?

प्लँटवरची: तुम्ही पाणी ओतणार हे गृहीत धरूनच आम्ही दर घनमीटरला जास्तीचं सिमेंट टाकतो. क्यूब फेल झाले की बोट आमच्याकडे. पाइप बंद करा, राख-स्लॅग न वाढवताही सिमेंट कमी होईल.

साइटवरचा: म्हणजे सगळं खापर साइटवर. आणि क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं? टँकर वेळेवर येत नाही. तुमचं स्लॅगचं काँक्रीट तर लवकर वाळलं की वरून भुसभुशीत होतं.

मिक्सडिझाइनवाला: हे खरंय, मान्य. त्याला ओल जास्त दिवस लागते.

जुना ठेकेदार: आणि स्लॅग जगभर पुरणार आहे का?

मिक्सडिझाइनवाला: नाही. म्हणून तर एलसी३, निम्मंच क्लिंकर असलेलं सिमेंट: ५० टक्के क्लिंकर, ३० भाजलेली चिकणमाती, १५ चुनखडी, ५ जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांतच भाजते आणि तिच्यातून फक्त पाणी सुटतं.

साइटवरचा: बरं, राफ्टला स्लॅग घालीन. स्लॅबचं मात्र, तीन दिवसांचे क्यूब दाखवल्याशिवाय बोलू नका.