मुलाखती आमच्याच सदस्यांनी घ्याव्यात का?

प्रश्न : समुपदेशिका, इंदूर
नमस्कार. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आधार देणाऱ्या इंदूरच्या एका लहान संस्थेत मी काम करते. औषधे नीट सुरू असलेली माणसे मध्येच एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात त्या केंद्रात, येणे का थांबवतात, याचा अभ्यास संस्थेनेच करावा आणि मुलाखती सदस्यांनीच घ्याव्यात, असे आम्ही ठरवले आहे. याआधी बाहेरून आलेल्या एका प्रश्नावलीत "गोळी घ्यायला विसरता का?" असे विचारले होते. आमच्या एका काकूंनी "नाही" असे सांगितले आणि ते खरेही होते, कारण त्या विसरत नव्हत्या. घरात पाहुणे असले की तीस गोळ्यांची डबी खुळखुळेल या धास्तीने त्या ती पिशवीतून बाहेरच काढत नसत. हे कळले ते आमच्यातल्याच एकीला, कारण तिने स्वतःच्या डबीत कापूस कोंबलेला होता. मात्र आमचे मार्गदर्शक म्हणतात की आपल्याच माणसांनी घेतलेल्या मुलाखती एकांगी ठरतील. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीपुढे हे कसे मांडावे?

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, वडोदरा
मार्गदर्शकांची शंका अगदीच फेटाळू नका, पण बाहेरचा माणूस तटस्थ असतो हेही गृहीत धरू नका; त्याच्यापुढे लोक डॉक्टरांना आवडेल तेच बोलतात. बाधितांचा निर्णयप्रक्रियेत सहभाग असावा, हे तत्त्व १९९४ च्या पॅरिस एड्स परिषदेत ४२ देशांनी मान्य केले आहे, तेव्हा समितीपुढे संकोचाने जाऊ नका. प्रश्न कोणी ठरवले, मुलाखतकारांना काय शिकवले आणि त्यांच्या स्वतःच्या अनुभवाची नोंद कुठे ठेवली, हे सविस्तर लिहा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संशोधनासाठीही माहितीपूर्ण संमती लागते. ज्यांना कागदावर सही नको असेल, त्यांच्यासाठी साक्षीदारासमोर तोंडी संमती घेण्याची परवानगी समितीकडे आधीच मागून ठेवा.

उत्तर : एक सदस्य, इंदूर
मी स्वतः बरीच वर्षे एआरटीवर आहे, म्हणून थोडे वेगळे सांगतो. मला परक्याची तितकी भीती वाटत नाही, जितकी ओळखीच्याची वाटते. आपल्याकडची मराठी मंडळी लग्नाकार्यात, गणपतीत, हळदीकुंकवात एकमेकांना भेटतच असतात. माझी सगळी कहाणी ऐकलेल्या ताई उद्या माझ्या वहिनीशेजारी पंगतीत बसल्या तर त्या काही बोलणार नाहीत हे मला ठाऊक आहे, तरीही माझा घास अडकेल. त्यामुळे मुलाखत कोणी घ्यावी हे ज्याची मुलाखत आहे त्यालाच निवडू द्या. आणखी एक तक्रार. मागे एका अभ्यासासाठी आम्ही घरोघर फिरून अर्ज भरून आणले, पण अहवाल इंग्रजीत निघाला आणि आम्हाला तो कोणी वाचूनही दाखवला नाही.

समुपदेशिका, इंदूर
तुमची पंगतीची गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. आता देवास आणि धारचे मुलाखतकार इंदूरच्या लोकांशी बोलतील, इंदूरचे तिकडे जातील, आणि कोणाला परकाच माणूस हवा असेल तर महाविद्यालयातला विद्यार्थी येईल. नावे आणि मुलाखतींना दिलेले क्रमांक जुळवणारी यादी संस्थेच्या संगणकावर न ठेवता कुलपात राहील. अहवाल लिहून काढण्याआधी निष्कर्ष सदस्यांच्या बैठकीत मराठीत आणि हिंदीत वाचले जातील. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यायचे पक्के झाले आहे. रक्कम किती असावी यावर मात्र आमच्यात अजून वाद चालू आहे.