युद्ध म्हणायचं की नाही? सीमाभागातल्यांनी आपले अनुभव सांगा

धागाकर्ती, टिळकवाडी:
गेल्या आठवड्यात बारावीच्या वर्गात १९४५ नंतरच्या अमेरिकेच्या युद्धांची यादी फळ्यावर लिहीत होते. एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, कागदोपत्री यातलं एकही युद्ध नाही." त्याचं बरोबर होतं. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. १९५० ला कोरियात सैन्य उतरवलं तेव्हा अध्यक्ष ट्रूमन यांनी 'पोलीस ॲक्शन' या शब्दाला मान डोलावली. तीन वर्षांत ३६ हजारांवर अमेरिकी सैनिक गेले. व्हिएतनाममध्ये ५८ हजारांवर. कोरियन आणि व्हिएतनामी माणसं लाखांनी मेली, त्यांचा नेमका आकडा कुणीच देऊ शकत नाही. यादी मी पुसली नाही, पण मथळा काय द्यावा तिथे अडले. आपल्याकडे गावोगावी फौजी आहेत, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्रच बेळगावात आहे. अशा 'कारवाई'ला तुमच्या घरात काय म्हणतात? अमेरिकेची असो की आपली, सांगा.

माजी हवालदार, खानापूर:
बाई, मी श्रीलंकेत होतो. भारतानं पाठवलेली शांतिसेना. नावातच शांती, त्यामुळं आईला पत्रात तेवढंच लिहायचो. १९८७ च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला, ऑक्टोबरात जाफन्यात एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांशी तोंड लागलं. १९९० च्या मार्चपर्यंत हजारावर जवान गेले. माझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा गेला. सुट्टीवर गावी आलो तर लोक विचारायचे, "लढाई कुठं चाललीय? पेपरात तर काय दिसत नाही." दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ ला झालं. नातवानं तिथं जाऊन भिंतीवरचं त्या पोराचं नाव फोनवर दाखवलं, तेव्हा मला बोलता आलं नाही. स्मारकाच्या नावात युद्ध आहे, एवढं मला पुरे.

उद्यमबागची लेखापाल:
काकांच्या अनुभवापुढे माझा हिशेबाचा अनुभव लहान आहे, तरी सांगते. आमच्या फाउंड्रीचं कास्टिंग युरोपला जातं. २०२३ च्या शेवटी येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि १२ जानेवारी २०२४ ला अमेरिका-ब्रिटनने येमेनवर बॉम्ब टाकले. वॉशिंग्टन त्याला स्वसंरक्षण म्हणत होतं. माझ्या टेबलावर शिपिंगवाल्याचं बिल आलं, त्यात 'वॉर रिस्क' अशी वेगळी ओळ होती. उरलेले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले. विम्याची पॉलिसी काढून वाचली. युद्ध वगळण्याच्या कलमात 'जाहीर केलेलं असो वा नसो' असे शब्द होते. सरकारं ज्या शब्दाला बगल देतात, तो विमावाल्यांनी कधीच लिहून ठेवलाय.

निपाणी:
वडील कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० ला इराक घुसला. जॉर्डनमधल्या अम्मानवरून एअर इंडियाच्या विमानाने परतलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांत ते एक. पुढच्या जानेवारीत अमेरिकेने बळ वापरायला काँग्रेसची परवानगी घेतली, युद्ध जाहीर केलं नाही. आमच्या घरात ते 'आखाती युद्ध'च.

माहेर बसवकल्याण, सासर शहापूर:
'पोलीस ॲक्शन' वाचून थबकले. माझ्या माहेरी वयाचा हिशेब अजून याच शब्दावर चालतो. आत्या ॲक्शनच्या आधीची, काका नंतरचे. सप्टेंबर १९४८, जेमतेम पाच दिवस. हैदराबाद संस्थानात रणगाडे घेऊन शिरलं ते लष्कर, पोलीस नव्हेत. निजामाची राजवट आणि रझाकार गेले याचा आनंद घरात होताच, पण त्या दिवसांत शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यात काय झालं यावर आजोबा कधी बोलले नाहीत. एवढा मोठा शब्द वापरायचे आणि लगेच गप्प व्हायचे. ट्रूमन यांच्या तोंडीही तोच शब्द होता, हे आज कळलं.

लोंढा:
आमच्या आजीनं डिसेंबर १९६१ ला बेळगावाकडून गोव्याच्या दिशेनं जाणाऱ्या लष्करी गाड्या पाहिल्या. सरकारी नाव ऑपरेशन विजय, आपण म्हणतो गोवा मुक्ती, पोर्तुगीज म्हणतात आक्रमण. आजीचं आपलं 'गोव्याची लढाई'. तिची बहीण तिकडं दिली होती, दोन दिवस काही कळलं नाही. गोवा सुटला याचा तिला अभिमान होता आणि त्या दोन दिवसांची भीतीही शेवटपर्यंत होती.

वकील, चिकोडी:
सगळ्यांचा मान राखून थोडा विरोध नोंदवतो. युद्ध हा शब्द सैल सोडू नका. १९४९ च्या जिनिव्हा करारांच्या दुसऱ्याच कलमात सांगितलंय की, एखाद्या पक्षाने युद्धाची स्थिती मान्य केली नाही तरी करार लागू होतात. म्हणजे जखमींचं, कैद्यांचं संरक्षण नावावर अडत नाही. नावावर अडतं ते घरच्या संसदेचं उत्तरदायित्व, आणि मला त्याचा राग येतो. अमेरिकेत १९७३ च्या युद्धाधिकार कायद्याने अध्यक्षाला काँग्रेसच्या परवानगीशिवाय लढायला साठ दिवस दिलेत. २०११ ला लिबियात मुदत उलटली, तेव्हा ओबामा सरकारने मांडलं की आमचं पायदळ तिथे नाही, ही लढाई त्या कायद्यातल्या 'शत्रुत्वा'त बसत नाही. वरून बॉम्ब पडत होते. रशियाने २०२२ ला युक्रेनबाबत 'विशेष लष्करी कारवाई' हे नाव घेतलं, त्यातही हाच डाव.

धागाकर्ती, टिळकवाडी:
वकीलसाहेब, पटलं. हवालदारकाका, एक विचारू का? तिथल्या तमिळ लोकांसाठी आपण कोण होतो?

माजी हवालदार, खानापूर:
विचारलंत ते बरं केलंत, इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. बाहेरून आलेलं सैन्य होतो. त्यांच्यासाठी ती लढाईच, दुसरं काय. जाफन्यात एका घरात झडतीला शिरलो. चुलीवर भात शिजत होता, झाकण हलत होतं, घरात माणूस नव्हतं. करपू नये म्हणून मी भांडं खाली उतरवलं आणि बाहेर पडलो. ती माणसं परत आली की नाही, ते मला अजून माहीत नाही.