हुतात्म्यांच्या ग्रंथाची काडतुसं: पेनसिल्व्हेनियातल्या धार्मिक छापखान्यांवर क्रांतिकारकांनी अन्याय केला का?

उंबरठा (धागाकर्ता)

एफ्राटा आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. अठराव्या शतकात तिथे जर्मन भाविकांचा मठ होता, आता संग्रहालय आहे. लाकडी इमारती, आणि दारं इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत पाय टाकता येत नाही. या मठाच्या छापखान्यात 1748-49 साली 'हुतात्म्यांचा आरसा' हा ग्रंथ छापला गेला. पंधराशेच्या आसपास पानं, 1300 प्रती. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींत याहून मोठं पुस्तक निघालं नाही. मेनोनाइट पंथाने तो डचमधून जर्मनमध्ये मुद्दाम करवून घेतला. युद्ध जवळ येतंय हे त्यांना दिसत होतं. शस्त्र न उचलता मरण पत्करलेल्या पूर्वजांच्या कथा आपल्या पोरांच्या हाती असाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती. पंधरा माणसं तीन वर्षं त्या कामाला जुंपलेली होती.

पुढे इंग्रज राजाविरुद्ध वसाहतींचं क्रांतियुद्ध (1775-83) पेटलं. न विकलेल्या प्रतींचे बांधणी न झालेले ताव मठात पडून होते आणि सैन्याला काडतुसं वळायला कागद हवा होता. सैनिक आले, ताव गाड्यांत भरून घेऊन गेले. ज्यांनी बंदुकीला हात लावला नाही त्यांच्या कथांत बंदुकीची दारू गुंडाळली गेली. मठाच्या बखरीत याची नोंद आहे: मुलखात लोक फार दुखावले, आणि हुतात्म्यांच्या स्मृतीची अशी विटंबना झाल्यावर या युद्धाचा शेवट बरा होणार नाही, असं अनेकांना वाटलं.

हे एकच उदाहरण असतं तर धागा काढला नसता. फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउनला क्रिस्टोफ सावरचा छापखाना होता. त्याने 1743 साली जर्मन बायबल छापलं, 1200 प्रती. युरोपीय भाषेतलं अमेरिकेत छापलेलं ते पहिलं बायबल. इंग्रजी बायबल छापण्याचा हक्क राजाने नेमलेल्या मुद्रकांकडे होता, त्यामुळे वसाहतींत ते निघतच नव्हतं. थोरला सावर 1758 मध्ये गेला. त्याच नावाच्या मुलाने 1763 आणि 1776 मध्ये पुढच्या दोन आवृत्त्या काढल्या. तिसऱ्या आवृत्तीचे बरेच ताव अजून बांधायचे होते, तोवर 4 ऑक्टोबर 1777 ला जर्मनटाउनच्या रस्त्यांवरच लढाई झाली. त्या तावांचीही गत तीच: काही काडतुसांना, काही घोड्यांखाली अंथरायला.

मे 1778 मध्ये या धाकट्या सावरला रात्री अंथरुणातून उठवून नेलं. तो डंकर या शस्त्र न धरणाऱ्या जर्मन ख्रिस्ती पंथाचा वडीलधारा, दाढी राखणारा माणूस. त्याची दाढी कापली, अंगाला रंग फासला, अनवाणी चालवलं. नंतर त्याला राजद्रोही ठरवून घर, छापखाना, सगळी मालमत्ता विकून टाकली. आणि याच पेनसिल्व्हेनियाच्या 1776 च्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे की मुद्रणस्वातंत्र्यावर बंधन येता कामा नये. शस्त्र धरणं ज्याच्या सदसद्विवेकाला पटत नाही त्याच्यावर सक्ती करू नये, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. हा अन्याय होता, आणि 'युद्धात असं चालतंच' म्हणून तो सोडून देता येत नाही.

माणदेशी

उंबरठाराव, एफ्राटाबद्दल तुमच्याशी वाद नाही. सावरबद्दल आहे, आणि जोरात आहे.

सावरचं घर राजकारणापासून दूर कधीच नव्हतं. थोरल्या सावरने 1739 पासून जर्मन वर्तमानपत्र चालवलं. मत कोणाला द्यायचं, क्वेकरांच्या (युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) पाठीशी का उभं राहायचं, हे तो शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत होता. 1750 च्या दशकात जर्मन मुलांसाठी इंग्रजी शिकवणाऱ्या धर्मादाय शाळा निघाल्या, त्यांच्यावर तो तुटून पडला. बेंजामिन फ्रँकलिनसारखा माणूस त्याच्या छापखान्याला वचकून होता. ज्याच्या पंचांगावर आणि पत्रावर हजारो घरांचा भरवसा आहे त्याने 'मी फक्त देवाचं काम करतो' म्हणायचं आणि आपण ते मान्य करायचं, हे मला जमणार नाही.

आता 1777. सप्टेंबरात इंग्रज फौज फिलाडेल्फियात शिरली. धाकटा सावर ऑक्टोबरात जर्मनटाउन सोडून शहरात गेला, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातल्या भागात, आणि इंग्रज निघायच्या बेतात येईपर्यंत तिथेच राहिला. त्याचे मुलगे तिथे राजाच्या बाजूचं जर्मन पत्र काढत होते. त्याच वेळी हाइनरिश मिलर काय करत होता बघा. मिलरही जर्मन, तोही भाविक, मोरावियन पंथाच्या जवळचा. त्याच्या पत्राने 5 जुलै 1776 ला स्वातंत्र्याच्या ठरावाची बातमी दिली, सगळ्या वसाहतींत सर्वांत आधी. इंग्रज आल्यावर त्याला शहर सोडून पळावं लागलं, आणि त्याच्या छापखान्याचं सामान राजाच्या बाजूच्या मुद्रकांच्या हाती गेलं. मिलरच्या खिळ्यांसाठी (छपाईच्या धातूच्या अक्षरांसाठी) कोणी धागा काढत नाही.

आणखी एक. 1765 च्या, वसाहतींतल्या छापील कागदांवर कर बसवणाऱ्या स्टँप कायद्यात इंग्रजीखेरीज इतर भाषेतल्या छपाईवर दुप्पट कर होता. दुप्पट! जर्मन मुद्रकाला राजाचं राज्य काय असतं हे या एका कलमातून कळायला हवं होतं. मिलरला कळलं.

उंबरठा

माणदेशी, मिलरवरचा अन्याय मला शंभर टक्के मान्य. पण मिलरचं सामान लुटलं गेलं म्हणून सावरचं विकलं ते योग्य, हा हिशेब मला कळत नाही.

आणि मुलांच्या छपाईची शिक्षा बापाला का? बापावर ठपका काय होता? ठरलेल्या मुदतीत हजर होऊन निष्ठेची शपथ घेतली नाही. डंकर लोक कुठलीच शपथ घेत नाहीत, राजाचीही नाही. 'तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं' या येशूच्या वचनावर त्यांचा पंथ उभा आहे. ज्याला शपथच निषिद्ध त्याच्यापुढे शपथ ठेवायची आणि तो नाही म्हणाला की घर विकायचं, याला न्याय म्हणत नाहीत.

खिळेजुळारी

मी इतिहासाचा माणूस नाही. माझे वडील सांगलीत एका ट्रेडल मशीनवर जुळारी होते, शाळेच्या सुट्टीत मी केसमध्ये खिळे परत टाकायचं काम केलंय. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक फर्मा (पानाच्या जुळवलेल्या खिळ्यांची चौकट) सांडला तर काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला छापखाना मोडणं म्हणजे काय ते समजावं लागत नाही. एका पानाचे हजार-दोन हजार खिळे जमिनीवर. 'क' वेगळा, 'क'चा अर्धा वेगळा, वेलांट्या वेगळ्या. दोन दिवस गुडघ्यावर बसून वेचायचे. एकदा असं झालं तेव्हा वडील जेवायला घरी आले नाहीत. त्यांना राग नव्हता आला, ते गप्प झाले होते.

आता सावरचं बघा. सुरुवातीला अक्षरं फ्रांकफुर्टहून समुद्रमार्गे आणावी लागत. पुढे 1770 च्या सुमारास त्या छापखान्याने खिळे स्वतः ओतायला सुरुवात केली, अमेरिकेत ओतलेल्या पहिल्या खिळ्यांतले ते. शाई घरची, बांधणी घरची. साच्यापासून पुस्तकापर्यंत सगळं एका वाड्यात. असं काही उभं राहायला दोन पिढ्या लागतात. ते लिलावात काढलं की माल विकला जातो, कसब कोणाला मिळत नाही.

न्यूयॉर्कला रिव्हिंग्टन नावाच्या राजनिष्ठ मुद्रकाच्या छापखान्यावर नोव्हेंबर 1775 मध्ये क्रांतीच्या बाजूचे घोडेस्वार चालून आले आणि खिळे उचलून घेऊन गेले. तो माणूस कोणत्या बाजूचा होता हे मला ठाऊक आहे. तरी खिळ्यांचं वाचून पोटात कालवतं.

शरयू

तुम्ही सगळे एक गोष्ट धरून चालला आहात की धार्मिक छपाई एका बाजूला आणि राजकीय दुसऱ्या बाजूला. माझ्या मते तिथेच चूक होते आहे. त्या काळच्या वसाहतीत ही दोन कामं एकाच यंत्रावर, एकाच शाईने, पुष्कळदा एकाच वाक्यात होत होती.

बॉस्टनच्या जोनाथन मेह्यूचं 1750 चं प्रवचन घ्या. चार्ल्स पहिला याच्या शिरच्छेदाचा दिवस 30 जानेवारी. इंग्लंडच्या चर्चमध्ये त्या दिवशी त्याला हुतात्मा म्हणून आठवत. मेह्यूने नेमका तो मुहूर्त साधला आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर बोलला. 'वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असा' हे वचन राजे लोक ढालीसारखं वापरत. मेह्यू म्हणाला, अधिकारी लोकांच्या हितासाठी असेल तोवरच ते लागू. जुलमी राजाला विरोध करणं हे पाप नाही, कर्तव्य आहे. हे छापून निघालं आणि घरोघर गेलं. क्रांतीला अजून पंचवीस वर्षं होती.

मग टॉमस पेन. स्वातंत्र्याची बाजू मांडणारं त्याचं 'कॉमन सेन्स' 10 जानेवारी 1776 ला फिलाडेल्फियात रॉबर्ट बेलने छापलं. पेन स्वतः चर्चचा माणूस नव्हे. तरी राजेशाहीविरुद्धचं त्याचं सुरुवातीचं मोठं प्रमाण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं, आठवा अध्याय: इस्राएली लोक राजा मागतात आणि देव नाराज होतो. कारण पेनला वाचक माहीत होता. शेतकऱ्याच्या घरात दुसरं पुस्तक असो नसो, बायबल होतं. आणि जर्मन शेतकऱ्याच्या घरात ते बायबल बहुधा सावरच्या छापखान्यातलं! त्याच वर्षी 'कॉमन सेन्स'चं जर्मन भाषांतरही फिलाडेल्फियातच निघालं. वाचणाऱ्याने शमुवेल उघडून ताडून पाहिलं असेल तर ते सावरच्याच पानावर. म्हणून मी सावरला क्रांतीचा शत्रू म्हणणार नाही आणि अलिप्तही म्हणणार नाही. जे घडलं त्याची जमीन त्याने नांगरून ठेवली होती, त्याला हवं होतं की नव्हतं हा प्रश्न वेगळा.

थोडं विषयांतर: मेह्यू ज्या काँग्रिगेशनल परंपरेतला, त्याच परंपरेच्या अमेरिकी मिशनऱ्यांनी 1813 मध्ये मुंबई गाठली आणि पुढे मराठी छपाई सुरू केली. त्यांचा छापखाना पाहूनच गणपत कृष्णाजींनी स्वतःचा उभारला आणि 1831 मध्ये पंचांग छापलं. छापखाना एकदा गावात आला की तो आणणाऱ्याच्या मनातलंच छापत राहत नाही.

माणदेशी, तुम्हाला एक विचारते. न्यूयॉर्कचा सॅम्युअल लाउडन राजनिष्ठ नव्हता, क्रांतीच्या बाजूचा होता. मार्च 1776 मध्ये त्याने 'कॉमन सेन्स'ला उत्तर देणारी एका अँग्लिकन पाद्र्याची पुस्तिका छापायला घेतली. जमावाने रात्री घरात शिरून सगळ्या प्रती उचलल्या आणि मैदानात नेऊन जाळल्या. इथे तर शपथेचा प्रश्न नव्हता, इंग्रज फौजेचाही नव्हता. हे योग्य होतं?

माणदेशी

शरयूताई, नाही. लाउडनचं योग्य नव्हतं, आढेवेढे न घेता सांगतो. ज्या बेलने फिलाडेल्फियात 'कॉमन सेन्स' छापलं, त्यानेच दोन महिन्यांत त्याचं खंडन करणारी पुस्तिकाही छापली आणि त्याच्या दुकानाला कोणी आग लावली नाही. म्हणजे दुसरं वागणं शक्य होतं. न्यूयॉर्कच्या जमावाला ते जमलं नाही.

पण कागदावरून मी हटणार नाही. तेव्हा कागद चिंध्यांपासून, हाताने, एकेक ताव करून निघायचा. टंचाई एवढी की जुलै 1776 मध्ये खुद्द काँग्रेसने (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) पेनसिल्व्हेनियाच्या कागद कारागिरांना पथकांबरोबर लढाईला नेऊ नका असं सांगितलं. समोर इंग्रज फौज, बंदूक आहे, दारू आहे, आणि गुंडाळायला कागद नाही. त्या सैनिकाने पडून असलेले ताव उचलले, यात मला ग्रंथद्वेष दिसत नाही.

आणि उंबरठाराव, तुम्ही इंग्रजी बायबलचा उल्लेख केलात, म्हणून पुढची गोष्टही सांगायला हवी. राजाच्या मुद्रकांचा तो मक्ता क्रांतीनेच मोडला. 1782 मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट एटकनने पूर्ण इंग्रजी बायबल छापलं आणि काँग्रेसने ठराव करून त्याची शिफारस केली. धार्मिक छपाईवर या क्रांतीचे उपकारही आहेत.

उंबरठा

एटकनचं मान्य, आणि ते माझ्या मूळ मजकुरात यायला हवं होतं. सैनिकाने ग्रंथाच्या द्वेषाने ताव नेले असंही मी म्हणत नाही. माझा आक्षेप आहे तो त्या नेण्याला काहीच नाव न देण्यावर. एफ्राटाच्या बखरकाराने त्याला विटंबना म्हटलं. पण मला अमेरिकेत पंधरा वर्षं झाली, मुलांच्या शाळेच्या पुस्तकांत मिलरही नाही आणि सावरही नाही.

शरयूताई, शमुवेलाची गोष्ट मी या अंगाने कधी पाहिली नव्हती. दोन दिवस तीच डोक्यात आहे. फक्त 'जमीन नांगरली' याच्याशी मी अडखळतो. सावर ज्या पानावर शमुवेल छापत होता त्याच ग्रंथात पुढे येशूचं डोंगरावरचं प्रवचन (शत्रूवरही प्रेम करा म्हणणारं) छापत होता, आणि त्याच्या पंथाने जगायला निवडलं ते दुसरं. वाचकांनी पहिलं निवडलं, याची जबाबदारी मुद्रकावर टाकता येईल असं मला वाटत नाही.

खिळेजुळारी

उंबरठाराव, त्या धाकट्या सावरचं पुढे काय झालं? छापखाना गेल्यावर?

उंबरठा

खिळेकाका, परत मिळाला नाही. तो 1784 च्या ऑगस्टमध्ये वारला. मधली वर्षं लोकांची पुस्तकं बांधून देत पोट भरलं, आणि प्रवचनाला पायी जात राहिला.