मदत हवी आहे: आजीच्या भावाचं नाव कुठं सापडेल?

हिंडलगेकर: आजीचा थोरला भाऊ लढाईत गेला, मिसरूडही फुटलं नव्हतं म्हणते. घरी फक्त तार आली. तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्रीलाच त्याचं पान वाढतात. कुठं आणि कधी गेला हे कसं कळेल? आजी थकलीय, जरा लवकर सांगा.

निपाणीचा बाळू: कुठली लढाई? १९७१?

हिंडलगेकर: नाही हो, दुसरं महायुद्ध, इटली. मराठा पलटण.

माजी सैनिक खानापूर: बेळगावच्या मराठा सेंटरला, म्हणजे आमच्या रेजिमेंटच्या केंद्राला जावा, अर्ज द्या. माझं पेन्शनचं काम तिथंच झालं.

उचगावकर: काका, पेन्शन कोण मागतंय? ऐंशी वर्षांपूर्वीचा माणूस आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या साईटवर फुकट शोधता येतं, तारीख मिळते, कधीकधी आईबापाचं नाव आणि गावही असतं. बटालियन कुठली?

हिंडलगेकर: ते कुठं माहीत असणार! देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत त्याचा एक स्टार, म्हणजे लढाईचं पदक आहे, रिबन पार विटलीय.

माजी सैनिक खानापूर: साईटवर सगळं असतंय होय? माणसाला भेटल्याशिवाय काम होत नाही. आमच्या रेजिमेंटचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीतच पडले, वय २२. एकट्यानं मशीनगनवर चाल केली, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. प्रत्येक पोराला हे ठाऊक पाहिजे.

उचगावकर: ठाऊक आहे काका. त्यांचंही नाव इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर आहे, कारण कबरच नाही. आपल्या बऱ्याच पोरांना तिथं अग्नी दिलेला. सांग्रो नदीजवळच्या स्मारकावर अशी ५०० च्या वर नावं आहेत. म्हणून कबरींचे फोटो चाळत बसू नका, नावानं शोधा.

येळ्ळूरची मावशी: शस्त्रानं गेलेल्याचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करतात, सर्वपित्रीला नाही. भटजींना विचारून घ्या.

निपाणीचा बाळू: खरंय मावशी. आमच्यात मात्र कुणी करत नाही.

उचगावकर: स्टार उलटा करून बघा, मागं त्याचा फौजेतला नंबर कोरलेला असेल तर काम सोपं. आणि स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघा, इंग्रज साहेबानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय.

हिंडलगेकर: एक नाव मिळालं, वय १९, गाव बेळगाव. पण बापाचं नाव वेगळंच लिहिलंय. हाच धरायचा का? आजीला आज सांगू का?

उचगावकर: थांबा. आधी नंबर जुळवा, जुळला तरच सांगा.

माजी सैनिक खानापूर: आणि नाही जुळला तर सोमवारी सेंटरच्या गेटवर या, मी येतो संगं.