मदत हवी आहे: हौसेसाठी पहिला ड्रोन कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

वाईला राहतो. ड्रोन घ्यायची हौस जुनीच आहे, आता बजेट जमलंय: 30 हजार, फार तर थोडे वर. लग्नांची शूटिंग वगैरे धंदा करायचा नाही. मेणवलीचा घाट, पावसाळ्यातलं शेत, एवढंच टिपायचंय.

250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात मोडतो आणि तो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, म्हणून त्याच गटात बघतोय. घोडं अडलंय ते आयातबंदीवर. फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोन बाहेरून आणता येत नाहीत, त्यामुळे जो तो ज्याचं नाव घेतो तो डीजेआय या चिनी कंपनीचा मिनी सरळ मार्गाने मिळत नाही. पुण्यात एका दुकानदाराने काउंटरखालून काढून दाखवला. बिल मागितलं तर "कच्चं देतो", वॉरंटी विचारली तर "मी बसलोय ना!"

दुसरीकडे ऑनलाइन 5-10 हजारांत घडीचे ड्रोन ढिगाने आहेत. झाडून सगळ्यांवर '4के' छापलेलं. भाच्याकडे तसलाच आहे. हॉलमध्ये छान तरंगतो. गच्चीवर नेला तर रिमोटची काडी पूर्ण उलटी दाबून धरली तरी शेजाऱ्यांच्या नारळाकडे निघाला.

तर कच्च्या बिलावर जोखीम घ्यावी का? की सुटे भाग आणून एफपीव्ही (कॅमेऱ्याचं थेट दृश्य चष्म्यात बघत उडवायचा ड्रोन) जुळवावा? सोल्डरिंग येतं.

प्रतिसाद 1
कच्च्या बिलाचा नाद सोडा. उद्या गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) गेला तर दारोदार फिराल. खेळण्यातल्या ड्रोनला जीपीएस नसतो. खालचा छोटा कॅमेरा जमीन बघून जागा धरतो. उंचावर किंवा वाहत्या पाण्यावर त्याला काही उमगत नाही. घाटावर, म्हणजे नदीवर, उडवणार असाल तर हा मुद्दा आधी बघा.

सोल्डरिंग येतंय तर एफपीव्हीच. सुट्या भागांच्या आयातीवर बंदी नाही. आधी फक्त चांगला ईएलआरएस (रिमोट आणि ड्रोन जोडणारी एक रेडिओ पद्धत) रिमोट घ्या, यूएसबीने संगणकाला जोडा आणि सिम्युलेटरवर मनसोक्त आपटा. मग 65 मिमीचा टायनी व्हूप, म्हणजे तळहाताएवढा एफपीव्ही ड्रोन. पंख्यांभोवती कडं असतं, घरातही चालतो. मात्र गिंबल नसल्याने निसर्गदृश्यं गुळगुळीत येणार नाहीत, हे आधीच सांगतो. ड्रोनची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरून कपाटात ठेवू नका, सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवा.

उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा पट्टा बघा. तिथे 400 फुटांपर्यंत मुभा आहे. पाचगणीच्या बाजूला पॅराग्लायडर दिसले की लगेच खाली उतरवा. आणि 249 ग्रॅमच्या ड्रोनला गार्ड (पंख्यांभोवतीची कडी) लावले की तो नॅनो राहत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत.

धागाकर्ता
आभार! रिमोट मोड 1 घ्यायचा की 2?

प्रतिसाद 1
मोड 2. डाव्या काडीवर उंची आणि वळणं, उजवीवर पुढे-मागे, आजूबाजूला. शिकवण्याचे बहुतेक व्हिडिओही त्यावरच आहेत.